पामिलाकानची अंगारकी

आईची अंगारकी आणि आमची पामिलाकानची फेरी नेमकी एकाच दिवशी आली. बोट ठरली होती, दुपारचं जेवण बेटावरच्या एका घरी सांगून झालं होतं. आदल्या रात्री पंगलावच्या खोलीत आईने कालनिर्णय बघितलं आणि म्हणाली, "उद्या मला चंद्रोदयापर्यंत काही नको. तुम्ही दोघं जेवा पोटभर."

बोहोल हे फिलिपिन्सच्या विसाया भागातलं बेट. पंगलाव त्याला पुलांनी जोडलेलं आहे आणि पामिलाकान तिथून समोरच्या समुद्रात. आम्ही शेजारच्या सेबू बेटावरून दोन तासांच्या फेरीबोटीने बोहोलच्या ताग्बिलारान बंदरात उतरलो होतो. भारतीयांना आता पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसा लागत नाही, म्हणून या जानेवारीत आईला घेऊन जायचं आम्ही मनावर घेतलं.

बोटी सुटतात बाक्लायोन गावातून. तिथलं जुनं चर्च प्रवाळाच्या दगडांनी बांधलेलं आहे. १५ ऑक्टोबर २०१३ च्या ७.२ रिश्टरच्या भूकंपात त्याची पडझड झाली होती, ते पुन्हा उभं केलंय. पहाटे त्याच्या अंगावरून धक्क्याकडे गेलो. बोट पाहून आई थबकली. लांबट, अरुंद होडी आणि दोन्ही बाजूंना पाण्यावर टेकलेले बांबू. "ह्या तर उलांड्या!" आईचं माहेर गुहागरजवळचं. तिथल्या होड्यांना उलांडी एकाच बाजूला असते, एवढाच काय तो फरक. इथे या बोटीला बांका म्हणतात आणि उलांडीला कातिग. आईने बोटवाल्याला हातवारे करून एका बाजूची उलांडी दाखवली. तो लगेच समजला, मान डोलावली आणि तिला हात देऊन स्वतःच्या बाकावर बसवलं.

वाटेत डॉल्फिन दिसले, गिरक्या घेत उडणारे. ते सगळेच लिहितात, मी बोटवाल्याबद्दल लिहिते. त्याचे वडील देवमासे आणि मांटा, म्हणजे अवाढव्य पाकट, मारायचे. हातात मोठा लोखंडी गळ घेऊन होडीच्या पुढच्या टोकावरून थेट त्या जनावराच्या पाठीवर उडी घ्यायची, अशी पामिलाकानची पद्धत होती. १९९८ साली व्हेल शार्क आणि मांटा मारायला सरकारने बंदी घातली आणि गावाचा पिढीजात धंदा बसला. ज्यांना पाण्याच्या रंगावरून मासा कुठे आहे हे कळायचं, त्यांच्यातलेच काही जण मग पाहुण्यांना तो लांबून दाखवू लागले. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. वडिलांबद्दल अभिमान मात्र होता, आणि तो मला योग्यच वाटला.

पाऊण-एक तासात बेट आलं. घर किनाऱ्यापासून पन्नास पावलांवर. बांबूच्या भिंती, वर पत्रा, पागोळीखाली पावसाचं पाणी धरायला ओळीने ठेवलेली पिंपं. घरातल्या बाई साठीच्या पुढच्या असाव्यात. सगळे त्यांना नानाय, म्हणजे आई, म्हणत होते, आम्हीही तेच म्हणू लागलो. पहिला प्रश्न आला, "नांगाओन ना मो?" नात हसत इंग्रजीत म्हणाली, "विचारतेय, जेवलात का?" आमचं जेवण त्यांच्याकडेच ठरलेलं, ते पुढ्यात मांडलेलं, तरी पहिलं वाक्य तेच. गुहागरला आजोळी ओटीवर चढलं की हेच ऐकू यायचं.

टेबलावर केळीचं पान अंथरलेलं. शेवग्याचा पाला आणि गवती चहा घातलेली माशाची पातळ आमटी, निखाऱ्यावर भाजलेला मासा, नारळाच्या झापाच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात, त्याला पुसो म्हणतात. आई बाजूच्या बाकावर बसली. नानायचा चेहरा उतरला. आवडलं नाही का? मासा चालत नाही का? मी नातीला सांगितलं की आज देवाचा उपवास आहे, चंद्र दिसेपर्यंत.

"क्वारेस्मा?" नानायने विचारलं. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस. मी म्हटलं, तसंच, पण आमच्याकडे दर महिन्याला येतो. त्यांनी आईकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. चाळीस दिवसांचा उपवास ज्या घरात पाळतात, तिथे एका दिवसाचा उपवास समजावून सांगावा लागला नाही. पुढचा प्रश्न सरळ कामाचा होता. काय चालतं?

कंद, फळं, नारळ, शेंगदाणे, असं मी सांगितलं. नानाय परसात गेल्या. येताना टोपलीत रताळी, कसावा आणि जाडसर उकडायची केळी होती. रताळ्याला तिथे कामोते म्हणतात. हे नाव मेक्सिकोतलं. १५६५ पासून अडीचशे वर्षं मेक्सिकोतलं आकापुल्को ते मनिला जहाजं चालत, त्या व्यापारात कंदही आला आणि नावही. आपल्या उपवासाची रताळी, बटाटे, शेंगदाणे, मिरच्याही मूळच्या अमेरिका खंडातल्याच. ही कामोती आईच्या ओळखीची निघाली, यात नवल नाही.

मग कोपऱ्यातल्या फडक्यातून त्यांनी एक मोठा, मातीने माखलेला, वेडावाकडा कंद काढला. "उबी," नात म्हणाली. आई उठलीच. "अगं, कोनफळ!" बोहोलचं कोनफळ आतून गर्द जांभळं असतं. नानाय तो टेबलाशी आणत असताना हातातून निसटला आणि जमिनीवर पडला. त्यांनी वाकून तो दोन्ही हातांनी उचलला आणि ओठांना लावला. मातीसकट.

बोहोलमध्ये ही रीत आहे. पडलेल्या उबीचं चुंबन घ्यायचं. दुष्काळात याच कंदाने लोकांना जगवलं, असं तिथले लोक सांगतात. हे मला नंतर नातीने सांगितलं. आईला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिने पुढे होऊन त्या कंदाला हात लावला आणि तो डोळ्यांना लावून नमस्कार केला. अन्नाला पाय लागला की आम्ही जसा करतो, तसाच. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. नानायने आईच्या हातावर हात ठेवला.

करवंट्यांच्या जाळावर कंद उकडायला पाऊण तास गेला. "अहो, कशाला एवढा खटाटोप," आई मराठीतच म्हणत होती, नानाय त्यांच्या बोलीत उत्तर देत होत्या, संभाषण कुठेही अडलं नाही. आमचा मासा गार झाला. घरातल्या एकानेही हात लावला नाही, बोटवाल्यानेसुद्धा. शेजारच्या घरून एक मुलगी खोवलेला नारळ घेऊन आली आणि आईच्या पुढ्यात ठेवून आमच्यातच बसली. जांभळे, वाफाळते तुकडे आईच्या पानात पडले तेव्हा नानाय म्हणाल्या, "मांगाओन ता!" चला, जेवू या. मगच सगळ्यांनी हात घातले.

जेवणाचे पैसे आम्ही दिले होते, ते लपवण्यात अर्थ नाही. बेटावरच्या घरांना त्यातून चार पैसे मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. पण आईसाठी जे थांबणं होतं, त्याला दर नव्हता. निघताना मी वरचे पैसे पुढे केले तर नानायने माझी मूठ बंद केली. सकाळपासून मी 'मॅम' होते, आता त्या म्हणाल्या, "आयाव, दाय." नको, बाळ. मी पुन्हा आग्रह केला नाही. पोहून आल्यावर अंगावरचं खारं पाणी धुवायला त्यांनी पावसाच्या साठवणीतली एक बादली आणि ताबो, म्हणजे लांब दांड्याचा टमरेल, काढून दिला होता. त्या बेटावर गोड्या पाण्याची एक बादली म्हणजे काय, हे ती ओळीने ठेवलेली पिंपं पाहून कळत होतं. मी निम्म्याच पाण्यात भागवलं.

बोटीत चढण्याआधी नातीने आईचा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला. मोठ्यांचा आशीर्वाद असा घेतात. आईने दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला, "सुखी राहा." आणि नानायने पिशवीत काहीतरी घातलं. "पाबाओन." वाटेची शिदोरी. वर बोट करून त्यांनी हवेत एक गोल काढला. चंद्र. चंद्र दिसल्यावर.

रात्री पंगलावच्या अंगणात आम्ही पूर्वेकडे तोंड करून बसलो. कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ इथे उपयोगाची नव्हती, डोळ्यांनीच बघायला हवं होतं. माडांच्या मागे उजेड पसरला आणि तांबूस चंद्र वर आला. आईने हात जोडले आणि पिशवी उघडली. आत घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी, दोन अर्धे भाग एकमेकांवर बसवून सांध्यावर लाल कागदाची पट्टी चिकटवलेली. कालामाय. बोहोलची खासियत. पट्टी सोलली तर आत तपकिरी, चिकट, चकाकतं गोड. चिकट तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळी साखर आटवून करतात.

"तांदूळ, नारळ आणि गुळासारखी साखर," आई म्हणाली. "मोदकाचंच सामान आहे की गं." पर्समधला छोटा गणपती काढून तिने नैवेद्य दाखवला. मग चमचा हातात घेऊन थांबली.

"त्या बाईंनी घरातला एकुलता एक कालामाय तर दिला नसेल ना?"

टोपलीत दोन होते, मी पाहिले होते. तसं सांगितलं.

"मग ठीक," म्हणाली, आणि उपास सोडला.