इथं कोण काय म्हणत नाही

"दादा, मन लागंना झालंय. त्याला काय असंल तर द्या."

मधला मारुती मंदिराजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात आज माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मावशी बोलल्या. पित्ताचं चूर्ण मागावं इतक्या सहज. दुकानदारानं अश्वगंधाची पुडी बांधली.

मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलं का? "तिकडं गेलं की लोक येडं म्हणत्यात. इथं कोण काय म्हणत नाही."

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

वनौषधींना मी नावं ठेवणार नाही. युरोपात सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती सौम्य नैराश्यावर वापरतात. २००८ साली २९ चाचण्यांचा आढावा झाला, त्यात तिचा गुण नेहमीच्या गोळ्यांच्या तोडीचा दिसला. पण तीच वनस्पती नैराश्याच्या गोळ्यांसोबत घेतली तर जिवावर बेतू शकतं, आणि रक्त पातळ करणाऱ्या किंवा गर्भनिरोधक गोळ्यांचा असर ती कमी करते. अश्वगंधाही थायरॉइडच्या औषधात ढवळाढवळ करू शकते.

म्हणून विचारलं, मावशी, दुसरी कुठली गोळी चालू आहे का?

"थायरॉइडची हाय की, लई वर्षं झाली."

थायरॉइड बिघडला तरी मन असंच उदास होतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! आधी डॉक्टरांना पुडी दाखवा म्हटलं, आणि पुडीवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून दिला. फुकट आहे, मराठीत बोलतात, नाव सांगायची सक्ती नाही.

तुमच्या ओळखीत असं गुपचूप औषध घेणारं कुणी आहे? चालू गोळ्यांबद्दल विचाराल त्यांना?