जामीनदाराची सही

पतसंस्थेच्या कर्जअर्जावर जामीनदारांच्या सह्यांसाठी जागा असते, आणि त्या सह्या कोणाकडे मागाव्यात याचा विचार करताना माणसाला आपल्या आजवरच्या वागण्याचा हिशेब कळतो. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे हप्ते थकले की वसुलीची नोटीस त्याच्याही दारात येऊ शकते. एवढी जोखीम कोणी केवळ ओळखीखातर घेत नाही.

आमच्या कार्यालयातील एका लिपिकांना जामीनदार शोधावेच लागले नाहीत, कारण उसने घेतलेले दोनशे रुपयेही पगाराच्या दिवशी, न मागता, टेबलावर आणून ठेवण्याची त्यांची रीत सगळ्यांना ठाऊक होती. याउलट 'बघतो, करतो' म्हणत प्रत्येक फाइल पुढच्या आठवड्यावर ढकलणाऱ्या, एरवी अतिशय गोड बोलणाऱ्या एका वरिष्ठांना सही मिळेना. फायलींचा आणि पैशांचा काय संबंध, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांना ते पटले नाही, आणि मलाही नाही.

कर्जफेडीच्या नोंदींवरून पत मोजणाऱ्या सिबिलच्या 300 ते 900 गुणांत हे उसने दोनशे रुपये कुठेच दिसत नाहीत. शिवाय, मुदत पाळणे जमणार नाही हे आधीच सांगणाऱ्याला लोक शब्द मोडणारा समजत नाहीत. त्याच लिपिकांनी आजारपणात हप्ता चुकण्यापूर्वी दोन्ही जामीनदारांना फोन केला होता, तेव्हा त्यांपैकी एकाने तो हप्ता स्वतः भरला.