माझा अनुभव: समृद्धीचा मावेजा आणि इतर हक्कातली एक ओळ

परभणीकडच्या पाहुण्यांचे सध्या सारखे फोन येतात. जालना-नांदेड द्रुतगती महामार्गात, म्हणजे मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाला जोडणाऱ्या त्या सुमारे 180 किलोमीटरच्या रस्त्यात, त्यांच्या जमिनीचे गट चाललेत. "तुम्ही समृद्धीत मावेजा उचलला, आम्हाला सांगा कसं केलं." मावेजा म्हणजे जमिनीची भरपाई. एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढतो. दराबद्दल मात्र मला विचारू नका. आमच्या वेळचा हिशेब वेगळा होता आणि तोच दर द्या म्हणून तिकडं आंदोलनं झालीत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आमची जमीन संभाजीनगर-जालना पट्ट्यातली. गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहीत नाही, त्याच ऑफिसांत पुन्हा जायचंय. रस्ता 701 किलोमीटरचा, सपाटीवर 120 मीटर रुंद पट्टा. आधी जमिनी एकत्र करून विकसित प्लॉट देण्याची योजना होती, ती लोकांनी हाणून पाडली. मग 2017 मध्ये थेट खरेदी सुरू झाली. ग्रामीण भागात बाजारभावाच्या दुप्पट, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम म्हणजे चौपट, आणि राजीखुशीनं दिलं तर वर 25 टक्के. असं ते पाचपट. झाडं आणि विहिरीला मात्र गुणक लागत नाही, तिथं पाचपट धरून बसू नका. आमच्या शेजाऱ्यानं मोसंबीचा हिशेब पाचपटीनं केला आणि त्या भरवशावर ट्रॅक्टर बुक केला.

संयुक्त मोजणी झाली, संमती दिली, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली, आत्यांच्या सह्या झाल्या. यात सांगण्यासारखं काही नाही. आत्या तर स्वतः डबा घेऊन आल्या होत्या.

अडलं ते सातबाऱ्यावर. इतर हक्क या रकान्यात एक ओळ होती: सोसायटीचा बोजा, रुपये 4,000. म्हणजे शेतीकर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज, आजोबांनी 1987 साली ऑइल इंजिनासाठी उचललेलं. हस्तलिखित सातबाऱ्यावर ती कोपऱ्यात इतकी पुसट होती की कोणी वाचलीच नव्हती. त्या काळात सातबारे ऑनलाइन होत होते, आणि कॉम्प्युटरवर ती ओळ ठळक होऊन बाहेर आली. वकिलाच्या शोध अहवालात तेवढ्या एका ओळीवर शेरा. खरेदीचं काम बघणारे साहेब म्हणाले, "सातबारा कोरा करून आणा, मग तारीख देतो."

सातबारा कोरा करायला तलाठ्याला लागते सोसायटीची बेबाकी, म्हणजे काही येणं बाकी नसल्याचा दाखला. आमच्या सोसायटीत गेलो. सचिव म्हणाले, "आमची सोसायटी नंतर फुटून झाली. 87 चं रेकॉर्ड जुन्या सोसायटीत." जुन्या सोसायटीत गेलो. तिथले सचिव म्हणाले, "भाऊ, तुमचं गावच आता आमच्याकडं नाही. सभासद नसलेल्याला दाखला कामून द्यायचा?" मग बँकेच्या शाखेत. तिथं उत्तर तयार: बोजा सोसायटीचा, बँकेचा संबंध नाही. परत तलाठ्याकडं. तलाठी बिचारे सज्जन, पण त्यांच्याकडं चार गावं, आणि आमच्या गावाचा वार आला की नेमकी वर बैठक. "कागद आणा, पाच मिनिटांत फेरफार टाकतो," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की पुढं पुढं ते तोंड उघडायच्या आत मीच म्हणायचो.

एवढ्यात गावात खरेदीखतं होत होती. संध्याकाळी पारावर बसलं की कोणाच्या खात्यावर आरटीजीएस आलं त्याचीच चर्चा. कोणी सहज विचारायचं, "तुमचं अजून नाही झालं?" आणि मला वाटायचं उठून घरी जावं. 4,000 रुपयांसाठी लाखांचं काम अडलेलं. मी म्हटलं, व्याजासकट भरतो, पावती द्या. तर म्हणे भरून घ्यायला खातं पाहिजे, खातं खतावणीत, म्हणजे हिशेबाच्या जुन्या वहीत, आणि खतावणी कुठंय ते माहीत नाही.

शेवटी एका निवृत्त गटसचिवानं, म्हणजे सोसायटीच्या सचिवानं, सांगितलं ते लक्षात ठेवा: तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं. तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाचं ऑफिस असतं, दोन्ही सोसायट्या त्यांच्या हाताखाली. साध्या कागदावर अर्ज केला, कोण काय म्हणालं ते तारखेसकट लिहिलं, सातबारा जोडला, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. हा आवक क्रमांक घेतल्याशिवाय कुठल्याही खिडकीवरून हलू नका. तिथून दोन्ही सचिवांना पत्र गेलं की अमुक दिवशी रेकॉर्डसह हजर राहा. पत्र गेल्यावर रेकॉर्ड सापडायला अडचण आली नाही. जुन्या सोसायटीच्या गोदामात युरियाच्या पोत्यांमागं एका गोणीत होतं. लाल कापडी बांधणीची खतावणी, कडा कसरीनं खाल्लेल्या, पण आजोबांचं पान धड. जमेच्या बाजूला तिरक्या अक्षरात लिहिलेलं: 1990 ची कर्जमाफी. व्ही. पी. सिंगांच्या काळातली, 10,000 रुपयांपर्यंतची. तलाठ्याला कळवायचं तेवढं राहिलं होतं, सत्तावीस वर्षं.

संपलं असं वाटलं, तर दादा, म्हणजे माझे वडील, अडून बसले. "बापानं कापूस विकून पैसे भरलेत. माफी कशाची? आपण कोणाचं बुडवलेलं नाही." सचिव दाखल्यावर 'कर्जमाफीत समाविष्ट' लिहायला निघाले, आणि दादा म्हणाले असा दाखला मला नको. मी कपाळावर हात मारला. पावती नाही, साक्षीदार नाही, पुस्तकात माफी, आणि म्हातारा हटेना. सचिवांनीच वाट काढली. दाखल्यावर लिहिलं, 'सदर खात्यावर येणे बाकी निरंक.' कशानं निरंक, ते नाही. दादांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि हो म्हणाले. कोण खरं ते मी आजही सांगू शकत नाही, पण मला दादांचा राग आला होता हे खरं.

पुढं फेरफार, त्यावर पंधरा दिवसांची नोटीस. जे कर्जच नाही ते नाही म्हणायला हरकत कोण घेणार? पण नियम आहे, थांबावं लागतं. मग मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणन. आणि ती ओळ गेली. खरेदीखताला दुय्यम निबंधकाकडं अर्धा दिवससुद्धा लागला नाही, पैसेही वेळेत आले.

आता राहिलेलं, आठवेल तसं. मोजणी व्हायच्या आधीच इतर हक्क वाचून घ्या. सोसायटी, जुनी कुळाची नोंद, कूपनलिकेचं कर्ज, जे असेल ते. हैदराबाद संस्थानाच्या काळापासूनचा घोळ असेल तर खासरा पत्रक आणि पहाणी पत्रकाच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा, त्याला वेळ लागतो. विहीर आणि फळबाग पीकपाहणीत लागलेली पाहिजे. शेतात मोसंबी आणि सातबाऱ्यावर कापूस असेल तर मोजणीला आलेला माणूस कागदावर बोट ठेवतो. झाडांचं वय पंचनाम्यात काय लिहिलं ते सहीच्या आधी बघा, वयावरच किंमत ठरते. पंचनाम्याच्या दिवशी प्रत्येक झाडाजवळ उभं राहून फोटो काढा, नंतर तिथं मुरूम असतो. खातं तालुक्याच्या शाखेत, नाव आधारवर आहे तसंच. शेतजमिनीच्या मावेजातून टीडीएस कापत नाहीत, कोणी कापू लागला तर विचारा.

रस्ता छान झाला, ते नाकारत नाही. 2022 च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी सुरू झाला, 2025 च्या जूनमध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा, त्यात तो जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा. इकडं सावंगीजवळही डोंगरातून बोगदा काढलाय. त्याखालून जाताना माझ्या मनात हमखास येतं की या डोंगराला वनखात्याची परवानगी लागली असेल, गटसचिवाची सही काही लागली नसेल.

आणि एक, हे सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं. रस्ता गटाच्या मधून जात असेल तर दोन्हीकडं तुकडे उरतात. दोन्ही बाजूंनी भिंत, मध्ये कुठंही ओलांडता येत नाही, बैलगाडी घेऊन भुयारी मार्गापर्यंत वळसा. तुकडा कसण्याजोगा राहत नसेल तर संमतीच्या वेळीच लेखी द्या की हाही घ्या. खरेदीखत झाल्यावर कोणी ऐकत नाही. आमचे सहा गुंठे पलीकडं आहेत. त्यात सध्या बाभळी आहेत.