अमावास्येला पडणारी लिंक

मी चिपळूणला असतो. पुण्याची एक कंपनी कारखान्यांच्या नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवायचं कंत्राट घेते. तिथे पडद्यावर काही लाल झालं की मला फोन येतो. बाइक काढून जागेवर जायचं काम माझं.

हे प्रकरण दाभोळ खाडीवरच्या एका मासळी कंपनीचं. ऑफिस दाभोळला, शीतगृह पलीकडे धोपाव्याला. मध्ये पाणी, म्हणून दोन्ही काठांवर मनोऱ्यावर डिश लावून ५.८ गिगाहर्ट्झची रेडिओ लिंक. ती अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं पडायची आणि आपली आपण परत यायची. तेवढ्यात गेटपास निघत नाही, ट्रकवाला शिव्या घालतो. मी फेरीबोटीतून पलीकडे पोचेपर्यंत सगळं हिरवंगार. अडॅप्टर बदलला, केबल बदलली, खाऱ्या हवेने गंजलेले कनेक्टर बदलले. पुण्याने फर्मवेअर चढवलं. फरक शून्य.

कामगारांचा निकाल तयार होता. लिंक अमावास्या-पौर्णिमेलाच पडते, तीही बाराच्या सुमारास, म्हणजे राखणदाराचा कोप. मॅनेजरने गुपचूप नारळही दिला होता.

मी हसलो खरा, पण पुण्याहून महिन्याभराचा सिग्नलचा आलेख मागवला आणि एकेक दिवस एकाखाली एक लावला. सिग्नलमधला खड्डा रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकत होता, आणि अष्टमीच्या आसपास गायबच. तिथीची पाऊणपट! तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा हिशेब आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतो. जेटीवरच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मग उधाणालाच पडणार ना, भांगाला पाणी तेवढं चढतंय कुठं?" उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान.

डिशकडे एक लहर सरळ येते, दुसरी पाण्यावर आपटून. या लहरींची लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर. पाणी एका ठरावीक उंचीला आलं की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. उधाणाच्या भरतीलाच पाणी त्या उंचीला पोचत होतं.

पुण्याच्या पोरांनी नियम मोडला नव्हता. दर पाळीला नवा माणूस. तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडायचं, लिंक आली की बंद करायचं. करारात लिंक ९९ टक्के वेळ चालू असं लिहिलेलं, म्हणजे महिन्याला सात तास बंद राहायची मुभा, आणि आमची लिंक त्यातच बसत होती. अहवाल दर महिन्याला चकाचक! मालकाला वाटत होतं, नजर ठेवणारा कारणही शोधणार. करारात मात्र फक्त 'कळवणे' होतं. पुढच्या करारात त्याने 'एकच बिघाड तीनदा झाला तर मूळ कारण शोधणे' हे कलम घालायला लावलं, आणि त्याचे जादा पैसे कुरकुरत का होईना, मोजले.

आम्ही दोन्ही मनोऱ्यांवर काही मीटर खाली दुसरी डिश लावली. पाण्याची एकच उंची दोन्ही जोड्यांना एकदम पाडत नाही; एक जोडी पडली की राउटर दुसरी धरतो. पुढच्या पौर्णिमेला ट्रक वेळेवर सुटले.

तिकीट बंद करताना पुण्याची मुलगी अडली. कारणांच्या यादीत वीज, फायबर, उपकरण, ग्राहकाची चूक एवढंच होतं; भरती नव्हती. तिने शेवटी 'बाहेरचा पुरवठादार' निवडलं.