टीप आणि टिप

सोमवार, रात्र

एक्सएमएल, म्हणजे माहितीला खुणा लावून ती संगणकासाठी नीट मांडायची पद्धत, शिकायचं ठरवून आज तिसरा दिवस. सरावासाठी घरातल्या पुस्तकांची यादी घेतली. वहीत वर्षानुवर्षं लिहिलेली आहे: शीर्षक, लेखक, कुणाला वाचायला दिलं, समासात चार शब्द.

टॅगांची, म्हणजे कोनी कंसातल्या या खुणांची, नावं आपणच ठेवायची असतात आणि ती देवनागरीतही चालतात, हे कळल्यावर हुरूप आला. <यादी>, तिच्यात <पुस्तक>, पुस्तकात <शीर्षक>, <लेखक>, <टीप>. रोमन नावं वापरली तर लहान-मोठ्या लिपीचा घोळ होतो म्हणे; अक्षर कॅपिटल झालं की टॅग वेगळा. आपल्याकडे ती कटकटच नाही, असं मनात म्हणतोय तोच फाइल अडकली. उघडताना लिहिलं होतं <टीप> आणि बंद करताना </टिप>. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाचा एक मार्क जायचा. इथे अख्खी फाइल गेली.

हे जरा अंगवळणी पडायला हवं. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या भाषेत, टॅग बंद करायचा राहिला तरी ब्राउझर सांभाळून घेतो, पान दिसतं. एक्सएमएलच्या पार्सरला, म्हणजे फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला, तशी मुभाच नाही. रचनेतली चूक दिसली की थांबायचं, असा नियमच आहे. सुरुवातीला हे माणूसघाणेपणाचं वाटलं. पण ब्राउझरच्या त्या चांगुलपणामुळेच मला इतकी वर्षं गबाळं लिहायची सवय लागली, हेही खरं.

मंगळवार

संध्याकाळभर एकच चूक शोधत होतो. तक्रार शेवटच्या ओळीची, </यादी> जुळत नाही म्हणून. ती ओळ पंधरा वेळा पाहिली. तिच्यात काही नव्हतंच. शेवटी वरून एकेक पुस्तक तपासत आलो, तर तिसऱ्या पुस्तकाचा </पुस्तक> गायब. त्यामुळे चौथं पुस्तक तिसऱ्याच्या पोटात, पाचवंही तिथेच, आणि बाकीची सगळी. पार्सरला त्यात वावगं काही दिसेना, कारण पुस्तकात पुस्तक असू नये हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. यादी मिटायला गेली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की एक पुस्तक अजून उघडंच आहे.

झोपण्याआधी थोडा इतिहास वाचला. 1969 मध्ये आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी या तिघांनी जीएमएल नावाची खुणांची पद्धत काढली. ती अक्षरं मुळात त्यांच्या आडनावांची. त्यातून पुढे 1986 मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि त्याचं आटोपशीर रूप म्हणजे 10 फेब्रुवारी 1998 ला आलेलं एक्सएमएल. यात ‘हा मजकूर ठळक करा’ असं सांगायचं नसतं. ‘हे शीर्षक आहे’ एवढंच सांगायचं. ते ठळक करायचं की नाही, हे ज्याचं त्याने नंतर बघावं.

गुरुवार

व्याकरण सोपं आहे. अवघड आहे ते ठरवणं. लेखकाला वेगळा टॅग द्यावा, की <पुस्तक लेखक="..."> असा ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगच्या आतच लिहिलेली माहिती, करावा? ॲट्रिब्यूट सुटसुटीत वाटला, आणि चौथ्याच पुस्तकाला दोन लेखक निघाले. एका टॅगवर एकाच नावाचा ॲट्रिब्यूट दोनदा येत नाही. झालं, सगळं पुन्हा लिहिलं. अनुवादकाचं काय? तोही लेखकच, की वेगळा? अर्धा तास यात गेला आणि तो वाया गेला असं वाटत नाही. वहीत मी दोघांची नावं इतकी वर्षं एकाच रकान्यात कोंबत आलो होतो.

मग डीटीडी लिहिला, म्हणजे कशात काय असावं याचे नियम. आता पुस्तकात पुस्तक शिरलं तर निदान पकडलं तरी जाईल. लेखकापुढे अधिकचं चिन्ह दिलं: किमान एक हवाच. लगेच एक निनावी पुस्तक आडवं आलं. यादी वेल-फॉर्म्ड होती, पण व्हॅलिड नाही; वाक्य शुद्ध, पण नियमात न बसणारं. अधिक खोडून तारका टाकली. निनावी माणसाला सामावून घ्यायला एक तारका पुरली.

शनिवार

वाचायला दिलेल्या पुस्तकांसाठी <दुसऱ्याकडे> असा टॅग केला. काही ओळी फोनवर टाइप केल्या, काही संगणकावर, आणि पुन्हा जोड्या जुळेनात. डोळ्यांना दोन्ही शब्द अगदी सारखे! फोनचा ऱ्या वेगळ्या संकेतांनी, म्हणजे अक्षरांमागच्या वेगळ्या क्रमांकांनी, बनलेला, संगणकाचा वेगळ्या. पार्सर अक्षराचा आकार बघत नाही, संकेत बघतो. शेवटी एकच रूप उचलून सगळीकडे चिकटवलं. ही अडचण इंग्रजी पुस्तकातल्या धड्यांमध्ये कुठून सापडणार!

रविवार

यादी पूर्ण झाली. एक्सपाथची, म्हणजे अशा फाइलीतून हवं ते शोधून काढायच्या भाषेची, एक ओळ लिहून पाहिली:

//पुस्तक[दुसऱ्याकडे]/शीर्षक

अकरा शीर्षकं निघाली. मला वाटत होतं चारेक असतील. वहीत ती विखुरलेली होती म्हणून कधी मोजलीच नव्हती. दोन ठिकाणी माझ्याच अक्षरात नुसतं ‘त्याला दिलं’ असं आहे. हा ‘तो’ कोण, ते आता आठवत नाही. उरलेल्या नऊ जणांना आज निरोप पाठवले.