पाऊण किलो गवार आणि कोरा सोडलेला प्रश्न

मी पुण्यात मार्केटयार्डाजवळच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. आमच्याकडची निम्म्याहून जास्त मुलं मार्केटवर पोट असलेल्या घरांतली, कुणाचे वडील हमाल, कुणी टेम्पोवर, कुणाची आई फुलबाजारातून फुलं आणून गजरे करते, आणि बऱ्याच घरांत भाजीची पाटी नाहीतर हातगाडी. हे मागच्या हिवाळ्यातलं आहे, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय.

अपूर्णांकांची चाचणी झाली होती. एका मुलीला वीसपैकी चार मार्क. पेपरात एक प्रश्न होता, 120 चे 3/4 किती, आणि तो तिने अख्खा कोरा सोडला होता, खाडाखोडसुद्धा नाही. त्यात ती वर्गात पेंगायची, चौकशी केली तर कळलं की आठवड्यातून तीनचार दिवस पहाटे आजीबरोबर मार्केटला जाते. मी चिठ्ठी पाठवली, पालकांनी अकरा वाजता भेटावे. आई बिबवेवाडीत धुण्याभांड्याची कामं करते, ती काही आली नाही, आजी आली, तीही साडेबाराला, मधल्या सुट्टीत, डोक्यावर पाटी, वर ओलं गोणपाट, हातात तराजू.

मी खरंतर तिला बोलायच्याच तयारीत होते. की पोरीला झोपू द्या, तिचं वर्ष वाया जाईल वगैरे. आजी दाराबाहेरच थांबली. आत या म्हटलं तर म्हणाली, "पाय चिखलाचं हायेत बाई." आणि मग ते वाक्य, जे मी दर पालकसभेत ऐकते, "आमाला काय कळतंय त्यातलं, तुमीच बघा."

तेवढ्यात शेजारच्या वर्गाच्या बाई आल्या आणि त्यांनी विचारलं, आजी गवार कशी दिली? "एकशेवीस." मग पाऊण किलो द्या म्हणाल्या. आजीने एका पारड्यात अर्ध्याचं आणि पावाचं माप टाकलं, दुसऱ्यात गवार घातली, आणि पारडी स्थिर व्हायच्या आत माझी ती मुलगी म्हणाली, "नव्वद."

तिचा पेपर माझ्या हातात होता. तोच प्रश्न, तेच आकडे.

मी विचारलं, कसं काढलंस गं? तर ती गप्प, वर्गात असते तशी, मान खाली. आजीच म्हणाली, "अर्ध्याचं साठ, पावाचं तीस. त्यात काढायचंय काय?"

मला एकदम एक जुनी गोष्ट आठवली, एका ट्रेनिंगमध्ये ऐकलेली. ब्राझीलमध्ये रेसीफे नावाच्या शहरात 1980 च्या दशकात तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले होते, तर 98 टक्के उत्तरं बरोबर, आणि तीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर दिली तर 37 टक्क्यांच्या आसपास. हा अभ्यास 1985 साली छापून आला. तेव्हा ऐकून मी मान डोलावली होती आणि परत येऊन होतं तसंच शिकवत राहिले होते. आता माझ्याच दारात तेच चाललं होतं.

मग मी एक चूक केली. सुट्टी संपल्यावर उत्साहात तिला फळ्याजवळ उभं केलं, सगळ्यांना म्हटलं, बघा रे, हिला तोंडी किती पटकन येतं, सांग गं आता सगळ्यांना. ती थिजली. मागच्या बाकावरून एक मुलगा "भाजीवाली" म्हणाला आणि दोघंतिघं हसले. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिचं घर मी तिला न विचारता सगळ्यांसमोर उघडं केलं होतं.

आजी तेव्हा निघायच्या बेतात होती. तिने ते ऐकलं. काही बोलली नाही, पाटी घेऊन सरळ वर्गात आली, चिखलाचे पाय घेऊनच, फरशीवर बसली आणि त्याच मुलाला म्हणाली, "ये रं बाळा, हिकडं बस. ह्या मेथीतली पिवळी पानं काढ, मला उशीर व्हतोय." तो उठला, बसला आणि लागला कामाला. मग अजून दोघं. मग अर्धा वर्ग फरशीवर.

त्या अर्ध्या तासात आजीने एकदाही काही "समजावून" सांगितलं नाही. फक्त काम वाटत गेली, तू निवड, तू बांध, तू मोज, आणि चुकलं की शब्द न बोलता हात धरून नीट करायची. बार्बरा रोगॉफ नावाच्या अभ्यासक बाईंनी ग्वाटेमालातल्या माया लोकांमध्ये राहून मुलं अशीच शिकतात हे नोंदवून ठेवलंय, मोठ्यांच्या कामात हळूच घुसून, बघत बघत, जमेल तेवढा हात लावत. मला ते वाचून माहीत होतं पण माझ्या वर्गात घडताना पहिल्यांदा बघितलं.

मुलांनी आपापसात भाव काढायला सुरुवात केली. पालेभाजी मार्केटला शेकड्यावर मिळते, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव. आजीची मेथी बाराशे शेकडा, तिने पन्नास जुड्या घेतल्या म्हणजे सहाशे रुपये, आणि वीसला एक विकते. मी विचारलं, किती जुड्या गेल्या की पैसे सुटले? कुणी पन्नास म्हणालं, कुणी पंचवीस. ती मुलगी जुड्या बांधता बांधता, वर न बघता म्हणाली, "तीस. पण तीस गेल्यावर मुद्दल सुटतं फक्त, टेम्पोचे द्यायचे राहतात, आणि दुपारनंतर जुडी कोमेजती मग वीसला कोण घेणार." आणि तो मघाचा हसलेला मुलगा म्हणाला की हमालीपण धर की, माझे पप्पा गोणीमागे घेतात. मग त्या दोघांचाच वाद सुरू झाला आणि बाकीचे ऐकत होते. हमालीचा विषय निघाल्यावर आजी म्हणाली, आमचे मालकपण हमाल होते, दुपारी कष्टाची भाकरला जेवायचे. हमाल पंचायतीने, म्हणजे हमालांच्या संघटनेने, 1974 साली सुरू केलेलं ते स्वस्त जेवणाचं केंद्र आमच्या बऱ्याच मुलांना माहीत आहे, त्यामुळे मग कुणाचे आजोबा काय उचलायचे ह्यावरच गप्पा गेल्या.

मला मात्र पुढचं काम दिसत होतं. तोंडी नव्वद येणं वेगळं आणि 3/4 ही खूण वाचता येणं वेगळं, आणि ती खूण आली नाही तर ही मुलगी सहावी-सातवीत गणितातून बाहेर पडेल, तिला कितीही हिशोब येवो. आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे तयार शब्द आहेत, जुन्या लोकांचे पावकी-निमकीचे, म्हणजे पावाचे आणि अर्ध्याचे, पाढे होते, आणि मी थेट अंश-छेदापासून सुरुवात करत होते. दुसऱ्या दिवसापासून आधी मापं आणली, मग शब्द, मग खूण.

त्या दिवशी आजी निघाली तेव्हा मी तिला विचारलं, मीटिंगला का येत नाही कुणी? शिक्षण हक्क कायद्यात, 2009 च्या, शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात असं लिहिलंय, आमच्याही रजिस्टरमध्ये तेवढ्या सह्या असतात, पण खुर्च्या रिकाम्या. आजी म्हणाली, "अकराला गिऱ्हाईक असतंय बाई. दोन ते साडेतीन मोकळ्या असतो की आमी." सभेची वेळ कधी ठेवू, हे इतक्या वर्षांत मी एकाही आईला विचारलं नव्हतं.

पुढची सभा अडीचला घेतली. आधी तिघी यायच्या, त्या दिवशी अकरा जणी आल्या. सुरुवातीला मी ग्रुपवर टाकायला फोटो काढायला लागले तर सगळ्यांनी पदर पुढे ओढले आणि बोलणं थांबलं, मग फोन पर्समध्ये टाकला. खुर्च्या भिंतीला लावल्या, खालीच बसलो, मुलं शेजारी, वह्या मध्ये. पोरीला मार्केटला फक्त रविवारी न्या एवढी विनंती मी त्या आजीला केली, तिने मान्य केली, कधीकधी मधल्या दिवशीही नेते, ते मी बघतेय.

त्या सभेत आजीने नातीची वही हातात घेतली, उलटी होती, मुलीने सरळ करून दिली. 3/4 वर बोट ठेवून आजीने विचारलं, "ही मधली रेघ कशाची गं?"

"आज्जे, खालचं म्हंजे किती वाटे केले ते. वरचं म्हंजे त्यातले किती घेतले. हे पाऊण हाय."

आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आन् सव्वा कसा लिवायचा?"

मुलीने पेन्सिल घेतली आणि आजीकडे सरकून बसली.