वाळत घातलेली अक्षरं

घराला रंग द्यायचा म्हणून दुपारी कपाट ओढलं, तर मागच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला एक मांजर निघालं. पाच पायांचं, त्यातला एक बहुधा शेपूट असावा. खाली लिहिलेलं: ‘मनि’.

रंगारी म्हणाला, “काका, घासून टाकू ना?”

म्हटलं, “थांब जरा. आधी चहा घेऊ.”

लेकीला लिहायला आम्ही शिकवलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. खरं श्रेय तिच्या आत्याचं. पोरीनं काढलेल्या हत्तीला ती ‘किटली छान आहे गं’ म्हणाली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक चित्राखाली नाव यायला लागलं. ‘हत्ती कसा लिहायचा’ असं ती विचारायचीच नाही. ‘हत्ती अक्षरात कसा काढायचा?’ ‘ह’ पाहून तर खूशच झाली, त्याला सोंड होती. ‘ळ’ हा आजोबांचा चष्मा. आपण अक्षर लिहून वर रेघ देतो. ती आधी पानभर रेघ ओढायची आणि मग तिच्यावर अक्षरं वाळत घालायची. एखादं घसरून खाली पडलेलं असे.

पोरखेळ म्हणावा, तर वर्णमालेच्या शासन निर्णयातही मराठीचा ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त आहे. सरकारी कागदावर पाकळी आणि देठ! तो मसुदा कोणी केला असेल, त्याला एकदा चहाला बोलवावंसं वाटतं.

आमच्या वेळी दसऱ्याला आजी पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढायची. मला ते आकडे वाटतच नसत. माना वाकवून उभी राहिलेली मोरांची रांग वाटे. शाळेत कळलं की हा नुसता एक, आणि याच्यापुढे दोन येतो. मन जरा खट्टूच झालं. ‘ग म भ न’ला मात्र माझी तक्रार नाही. ज्यानं क ख ग सोडून हा क्रम लावला त्याला हाताची पारख होती. ‘ग’ जमला की बाकीचे तिघे त्याच काडीला धरून येतात. राग आहे तो दुरेघी वहीवर. माझं अक्षर तिच्यात सुबक झालं आणि चित्रकला दोन डोंगरांमधल्या सूर्यापाशी अडकली ती अडकलीच.

मांजराचा फोटो लेकीला पाठवला. उत्तर आलं, “बाबा, नी दीर्घ हवा होता.”

चहा संपला. मी काही बोलायच्या आत रंगाऱ्यानं कानावरची पेन्सिल काढली, मांजराभोवती चौकट आखली, एक बाण काढला आणि शेजारी लिहिलं: ‘इथं नको’.